आठवी ते बारावी : परीक्षा मुलाची नव्हे, घराची



“आमच्या घराण्यात कोणी शिकलं नाही, आता हा काय शिकणार?” हे वाक्य वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वीकडच्या खेड्यांत शिक्षकाच्या कानी वारंवार पडते. मुलगा नववीत नापासाच्या काठावर असतो, किंवा मुलगी दिवाळीनंतर शाळेत आलेली नसते. शिक्षक घरी विचारायला जातो आणि ओसरीवर बसल्याबरोबर हे वाक्य ऐकतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण नवदीक्षित कुटुंबांनी या वाक्याकडे नीट पाहिले पाहिजे. आजच्या पाठाचा विषय तोच आहे.

या वाक्याचे दोन भाग आहेत. “आमच्या घरात कोणी शिकलं नाही” हा पहिला भाग. तो खरा आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, कारण शाळेची दारे आपण होऊन बंद केली नव्हती. दुसरा भाग “हा काय शिकणार?” असा आहे. तो खरा नाही. तो पहिल्यातून आपोआप निघतही नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरते, हा जो विचार आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर टाकून दिला, तोच या दुसऱ्या भागातून मागच्या दाराने घरात शिरतो. पूर्वी जे ‘नशीब’ होते त्याला आता ‘घराणे’ म्हटले जाते, एवढाच फरक.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्याकडे होते. “घराचा काही संबंध नाही, मुलाने मन लावले की झाले,” असे काही जण म्हणतात. हेही खरे नाही, आणि मुलावर अन्याय करणारे आहे. भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकविला. जे काही घडते ते कारणांनी घडते आणि कारण बदलले की परिणाम बदलतो. शिक्षणालाही हाच नियम लागू आहे. घर हे मोठे कारण आहे, आणि बदलता येते म्हणूनच ते कारण आहे. बदलता आले नसते तर त्याला नशीब म्हणावे लागले असते.

१. घर काय देते?

अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी तीत तपासले गेले. शाळेच्या इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये यांच्या फरकाने मुलांच्या यशात फरक पडत असेल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. निघाले ते वेगळे. शाळाशाळांतील फरकापेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती अधिक परिणाम करते, असे दिसून आले. तिथेही काळ्या मुलांना शतकानुशतके शिक्षण नाकारलेले होते. म्हणून हा निष्कर्ष आपल्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही.

घर म्हणजे केवळ पैसा नव्हे. घर मुलाला पाच गोष्टी देते किंवा देत नाही. पहिली पैसा. दुसरी जागा, म्हणजे दिव्याखाली बसायला दोन हात मोकळी भुई. तिसरी वेळ. चौथी भाषा, म्हणजे घरात कोणी वाचते, सांगते, मुलाला विचारते की नाही. पाचवी वाटेची माहिती. दहावीनंतर कोणत्या शाखेला जायचे, अर्ज कुठे मिळतो, शेवटची तारीख कोणती, वसतिगृह कुठे आहे, हे शिकलेल्या घरात जेवताना कानावर पडते. आपल्या घरांत ते कोणालाच ठाऊक नसते. माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना पुस्तकातील गणितापेक्षा हे गणित अवघड गेलेले आहे.

आता पाहा, या पाचांपैकी पैसा सोडला तर बाकीच्या चार गोष्टी गरीब घरालाही थोड्याफार देता येतात. मोकळी भुई, वेळ, चार शब्दांची विचारपूस आणि वाटेची चौकशी यांना सावकाराकडे जावे लागत नाही.

२. कसोटीचा काळ तेरा ते अठराच का?

सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत मुलाला शाळेत ठेवणे सोपे आहे. शाळा गावात असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या वयाचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण कायद्याचा हात आठवीला सुटतो. नेमके त्याच वेळी बाकीचे ओढणारे हात पुढे येतात.

आपल्या जिल्ह्याचा हंगामच पाहा. सोयाबीनची सोंगणी आणि सहामाही परीक्षा जवळपास एकाच वेळी येतात. पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते, ती पुढे कित्येक आठवडे चालते. पाचवीतल्या पोराची मजुरी कोणी धरीत नाही. पण नववीतल्या मुलीचे हात वेचणीला मोठ्या बाईच्या बरोबरीने चालतात. ज्या दिवशी मुलाच्या अंगात कमावण्याचे बळ येते, त्याच दिवसापासून शाळा घराला महाग वाटू लागते. फी कोणी मागत नाही, पण बुडणारी रोजी डोळ्यांपुढे दिसते. माध्यमिक शाळा किंवा कॉलेज दुसऱ्या गावी असते. मुलगी वयात आली की एस.टी.च्या प्रवासाची भीती वाटते, आणि भीतीतून स्थळे पाहण्याची घाई होते. मुलाच्या खिशात खर्रा येतो, हातात मोबाईल येतो आणि चौकात मित्र मिळतात.

या वयात मनही एका जागी नसते. शरीर झपाट्याने वाढते, पण पुढचा विचार करून स्वतःला आवरण्याची मेंदूची शक्ती विशीनंतरही पिकत राहते, असे आजचे शास्त्र सांगते. म्हणजे मोठे निर्णय घेण्याची वेळ आधी येते आणि ते घेण्याची पक्वता मागाहून येते. मधली जागा कोणीतरी मोठ्या माणसाने धरायची असते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शालान्त झालेल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा विल्यम सेवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे पाठपुरावा केला. त्यांना आढळले की घरच्या परिस्थितीचा बराचसा परिणाम एका पुलावरून जातो. आईवडिलांचे प्रोत्साहन, शिक्षकांचे प्रोत्साहन, बरोबरीच्या मित्रांचे बेत, आणि या सर्वांतून त्या वयात मुलाच्या मनात तयार होणारी आकांक्षा, हा तो पूल होय. आपल्या दृष्टीने यातील मर्म असे की घरची गरिबी एका वर्षात हटत नाही, पण हा पूल बांधणे आपल्या हाती असते. पूल बांधण्याचे वय हेच आहे.

३. राहुलाचा पाठ

भगवान बुद्धांनी स्वतःच्या मुलाला कसे शिकविले, हे मज्झिम निकायातून कळते. अम्बलट्ठिका येथील उपदेशाच्या वेळी राहुल सात वर्षांचा होता, असे अट्ठकथा सांगते. बुद्धांनी त्याला तत्त्वज्ञान सांगितले नाही. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखविले, ते ओतून टाकले, भांडे उपडे केले, आणि खोटे बोलणाऱ्याचे मोल त्यावरून समजाविले. मग आरशाचे उदाहरण दिले. काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर आपले आपण पाहायचे, की याने मला किंवा दुसऱ्याला इजा होते काय? पुढे महाराहुलोवाद सुत्तात राहुल वाढत्या वयाचा आहे. अट्ठकथा त्याला अठरा वर्षांचा म्हणते. तेव्हाचा उपदेश निराळा आहे. पृथ्वीवर कोणी काहीही टाकले तरी ती विचलित होत नाही, तसे मन कर, असे त्याला सांगितले.

यातून पालकांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, वयाबरोबर शिकविण्याची रीत बदलावी. सात वर्षांच्या मुलाला सांगितले तसे पंधराच्या मुलाला दटावून चालत नाही. दुसरी, मारझोडीचा इथे मागमूस नाही. स्वतःच स्वतःला तपासण्याची सवय लावणे हा बुद्धांचा मार्ग होय.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याकडे वळविणे, विद्या वा कसब शिकविणे, योग्य जोडीदाराशी विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा सोपविणे. आपण या क्रमाकडे लक्ष देऊ या. कसब तिसरे आहे आणि विवाह चौथा. मुलींच्या बाबतीत आपण पुष्कळदा तिसरे गाळून चौथ्यावर उडी मारतो.

४. बाबासाहेबांच्या घरातून काय शिकावे?

बाबासाहेबांचे नाव घेताना आपण त्यांच्या बुद्धीचा गौरव करतो. तो योग्यच आहे. पण त्यांच्या घराचा अभ्यास आपण फारसा करीत नाही.

वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या काळी लष्करात शिक्षणाची सोय होती म्हणून त्या घरात अक्षर आले. आई भीमाबाई भीमराव लहान असतानाच वारल्या आणि आत्या मीराबाईंनी सांभाळ केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत पहिल्या इंग्रजीत नाव दाखल झाले. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पण साताऱ्याचा हा विद्यार्थी सुरुवातीपासून पुस्तकातला किडा नव्हता. खेळ, बागकाम, शेळ्या राखणे यांत त्याचा जीव रमे. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे असे त्याने ठरविले. भाड्यासाठी आत्याची पैशाची पिशवी चोरण्याचा कित्येक रात्री प्रयत्न केला. अखेर ती हाती लागली तेव्हा आत निघाला अर्धा आणा! त्या शरमेतून त्याने मन लावून शिकण्याचा निश्चय केला. बाबासाहेबांनीच ही हकिकत सांगितलेली आहे. तेव्हा आपल्या घरातल्या मुलाचे लक्ष उडाले म्हणून त्याच्या नावावर लगेच फुली मारू नये.

पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीतली एक खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच लाकडे, तिथेच जाते, आणि शेळीही तिथेच. रामजींनी मुलाला लवकर निजवावे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागावे आणि मग त्याला अभ्यासाला उठवावे, असा क्रम होता. पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणावेत, गहाण टाकावेत आणि पेन्शन आली की सोडवून परत करावेत. त्या घराला ऐपत नव्हती. पण जागा, वेळ आणि विचारपूस या तीन गोष्टी तिथे होत्या.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने अडतीस टक्केही भरत नाहीत. आजच्या एखाद्या घरात या गुणांवर मुलाला बोलणी बसली असती. वस्तीने मात्र सत्काराची सभा भरविली. सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकरांच्याच खटपटीने पुढे सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये बी.ए., १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ. त्या सभेत टाळ्या वाजविणारी माणसे मोठ्या हुद्द्यावर नव्हती. पण आपला मुलगा पुढे जावा असे वस्तीला वाटते, हे त्यांनी मुलाला दाखवून दिले.

या कथेतील एक बाजू आपण सहसा सांगत नाही. दोन्ही मुलांना शिकविणे रामजींना झेपले नाही आणि थोरल्या आनंदरावांना शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. धाकट्याच्या यशात थोरल्याची अर्धी राहिलेली शाळा आहे. ते घर मुलांपैकी एकालाच पुढे धाडू शकत होते. आज आपल्या घरांत हीच वाटणी होते, पण थोरला-धाकटा न पाहता मुलगा-मुलगी पाहून होते. मुलाच्या बारावीसाठी मुलीची नववी मोडते. त्या काळी आजच्यासारखी सरकारी शिष्यवृत्ती नव्हती, वसतिगृह नव्हते, म्हणून आनंदरावांना थांबावे लागले. आज या सोयी असताना मुलीला थांबविले तर ते परिस्थितीने नव्हे, आपण थांबविले असे होते.

५. ज्यांच्या घरी रामजी नाहीत

कोणी म्हणेल, रामजी स्वतः शिकलेले होते. आमच्या घरी तसे कोणी नाही. आम्ही काय करावे?

याचे पहिले उत्तर महात्मा फुल्यांच्या चरित्रात आहे. कोवळ्या वयात जोतीरावांची शाळा सुटली आणि ते वडिलांबरोबर मळ्यात राबू लागले. मुलगा हुशार आहे हे शेजारच्या गफार बेग मुनशींनी आणि लिजीटसाहेबांनी ओळखले. त्यांनी गोविंदरावांना समजाविले, आणि १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत परत दाखल झाले. तोवर त्यांचे लग्नही झालेले होते. पुढे सातच वर्षांनी, १८४८ मध्ये, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. शेजाऱ्याने दार ठोठावले नसते तर हा इतिहास घडता ना! शेजाऱ्याच्या पोराची शाळा सुटली तर “आपल्याला काय करायचे” असे म्हणू नये, हा त्याचा अर्थ.

दुसरे उत्तर आपल्या शेजारच्या नागपूरचे आहे. कौसल्या बैसंत्री यांचे आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. बाबासाहेबांच्या विचाराने त्यांच्या आईने मुलींना शिकविण्याचा निर्धार केला आणि वस्तीतली टोमणेबाजी सोसून तो पाळला. ही कहाणी कौसल्याबाईंनी ‘दोहरा अभिशाप’ या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी आत्मकथनात सांगितली आहे. त्याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. तीत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा, न्यूनगंड काढून टाका आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका. हा उपदेश घरातल्या बायकांना केलेला होता. त्यांतल्या पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. न शिकलेली आईही मुलाची आकांक्षा घडवू शकते, असा विश्वास त्यांच्या बोलण्यात होता.

तो विश्वास खोटा ठरला नाही. १९६१ च्या जनगणनेत देशातील अनुसूचित जातींची साक्षरता १०.२७ टक्के होती. २०११ मध्ये देशाची साक्षरता त्र्याहत्तर टक्क्यांच्या आसपास असताना बौद्धांची ८१ टक्क्यांवर होती. एका पिढीने पोट मारून दुसरीला शाळेत धाडले, त्याचे हे फळ. पण साक्षरता म्हणजे शिक्षण नव्हे. सही येते आणि पुढची वाट नववीत तुटते, अशा मुलांची गणती या आकड्यांत साक्षर म्हणूनच होते.

६. घरी काय करावे?

१. घरातली एक जागा आणि संध्याकाळचा एक तास अभ्यासाचा ठरवावा. त्या तासात टीव्ही बंद आणि मोबाईल मोठ्यांचाही बाजूला. आईला वाचता येत नसले तरी तिने जवळ बसावे आणि “आज काय शिकलास, सांग” एवढे विचारावे.

२. सोंगणी-वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवू नये. रविवारी, सुटीत मदत जरूर घ्यावी. मुलीला आणि मुलाला घरकाम सारखे वाटून द्यावे.

३. कागदपत्रे वेळेवर करावीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे बौद्ध झालेल्यांच्या केंद्रीय सवलती गेल्या होत्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्याच्या सवलती दिल्या आणि केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालचा कायदा यावा लागला. एवढ्या झगड्याने मिळालेला हक्क एका दाखल्यावाचून बुडू देऊ नये. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आठवी-नववीतच काढून ठेवावा. जात वैधतेची चौकशीही वेळेआधी करावी.

४. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा होते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातींच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याणची वसतिगृहे आहेत, आणि तिथे जागा न मिळालेल्यांसाठी २०१६ पासून स्वाधार योजना आहे. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास आहे. अटी आणि तारखा शाळेत विचाराव्यात. विचारण्यात कमीपणा नाही.

५. लग्नाचा खर्च कमी करून त्यातला वाटा शिक्षणाला ठेवावा. अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न कायद्याने गुन्हा आहे, आणि अठरा पूर्ण झाली म्हणजे लगेच उरकलेच पाहिजे असेही नाही.

६. विहार फक्त पौर्णिमेला आणि जयंतीला उघडू नये. दहावी-बारावीच्या मुलांसाठी तो रोज संध्याकाळी उघडा असावा. वस्तीत जो कॉलेजात शिकतो त्याने आठवड्यातून दोन दिवस तिथे बसावे. हेही दानच आहे.

परीक्षेत एखादे वर्ष गेले तर मुलाला घालूनपाडून बोलू नये. शील पाळताना चुकलो म्हणून आपण धम्म सोडत नाही, पुन्हा शील ग्रहण करतो. शिक्षणातही तसेच वागावे.

अभ्यासासाठी प्रश्न (घरी सर्वांनी मिळून चर्चा करावी)

१. घर मुलाला ज्या पाच गोष्टी देते त्यांपैकी आपल्या घरात कोणत्या आहेत आणि कोणत्या नाहीत?
२. सिगालोवाद सुत्तातील पालकांची पाच कर्तव्ये क्रमाने सांगा. आपल्या वस्तीत कोणता क्रम चालतो?
३. आनंदरावांना शिक्षण सोडावे लागले. आपल्या घरात कोणाला सोडावे लागले? का?
४. या महिन्यात आपल्या वस्तीतील कोणते मूल शाळेत आले नाही? त्याच्या घरी कोण जाणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नये. ते चालत जाऊन द्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!